झिपमधून पायथन मॉड्यूल चालवताना: आधी काय, मग काय

रबाळे एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या वजनकाट्यापाशी एक जुना संगणक आहे. त्याला इंटरनेट नाही. त्यावर नवं काही इन्स्टॉल करायचं तर अर्ज, सही, आठ दिवस. पायथन (प्रोग्राम लिहायची आणि चालवायची भाषा) मात्र आधीपासून टाकलेलं आहे. काट्याचं वजन सीरियल पोर्टवरून वाचून एक्सेलमध्ये भरणारा आमचा प्रोग्राम तिथे एकाच झिप फाइलमधून जातो. पेन ड्राइव्हवरून कॉपी करायची आणि चालवायची, बस.

ऐकायला सोपं आहे. तरी महिन्या-दोन महिन्यांनी साइटवर गेलेल्या एखाद्या मुलाचा संध्याकाळी फोन येतो, "दादा, माझ्या लॅपटॉपवर चालतंय, इथे नाही चालत." मी तोवर ठाण्याच्या गाडीत चढलेलो असतो. चूक बहुतेक वेळा त्याच चार-पाच जागी सापडते, आणि मुलगा हुशार असला तरी त्याने पायऱ्या उलट्या घेतलेल्या असतात. म्हणून क्रमाने लिहितोय.

कमांड मी फोनवर सांगतो तशाच लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी अक्षरांत घ्यायच्या. कॅपिटल असेल तिथे तसं म्हटलं आहे. उदाहरणातल्या प्रोग्रामचं नाव 'काटा', म्हणजे के-ए-टी-ए. 'मुख्य फाइल' म्हणजे मेन डॉट पीवाय, पण 'मेन'च्या मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोर असलेली. 'इनिट फाइल' म्हणजे तशाच अंडरस्कोरवाली इनिट डॉट पीवाय.

१. साइटवरचं पायथन आधी बघा

तिकडच्या संगणकावर पायथनची कुठली आवृत्ती आहे हे माहीत नसताना झिप बांधायला घेऊ नका. कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि 'पीवाय, स्पेस, दोन हायफन व्हर्जन' टाका. लिनक्स असेल तर 'पीवाय'च्या जागी 'पायथन३'. विंडोजवर 'पायथन' टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर घाबरू नका. ती विंडोजने ठेवलेली शॉर्टकट आहे. 'पीवाय' वापरून बघा. तेही नसेल तरच पायथन नाही असं धरा.

आवृत्ती कागदावर लिहून आणा. ३.८ आणि ३.१२ मधला फरक पुढे आडवा येणार आहे.

२. कुठली लायब्ररी झिपमधून चालेल, ते ठरवा

लायब्ररी म्हणजे दुसऱ्यांनी लिहिलेला, आपण वापरतो तो तयार कोड; त्यातली एकेक फाइल म्हणजे मॉड्यूल. झिपमधून पायथन दोनच प्रकारच्या फाइली इम्पोर्ट करतं, म्हणजे प्रोग्रामात ओढून घेतं: पीवाय (लिहिलेला कोड) आणि पीवायसी (पायथनने त्याचंच केलेलं कंपाइल रूप). सी भाषेत लिहून कंपाइल केलेली मॉड्यूल, म्हणजे विंडोजवरच्या पीवायडी आणि लिनक्सवरच्या एसओ फाइली, झिपमध्ये ठेवल्या तरी तिथून लोड होत नाहीत. त्या लोड करण्याचं काम ऑपरेटिंग सिस्टिमचं असतं, आणि तिला डिस्कवर खरीखुरी फाइल लागते. झिपच्या पोटातली फाइल तिला दिसत नाही.

त्यामुळे नमपाय आणि पांडाज या आकडेमोडीच्या, कंपाइल केलेला भाग असलेल्या लायब्ररी झिपमधून चालत नाहीत. पायसीरियल (सीरियल पोर्ट वाचणारी) आणि ओपनपायएक्सएल (एक्सेल फाइली हाताळणारी) चालतात, कारण दोन्ही शुद्ध पायथनमध्ये आहेत.

तपासा: इंटरनेट असलेल्या मशीनवर 'पिप डाउनलोड' आणि लायब्ररीचं नाव टाका. पिप म्हणजे पायथनच्या लायब्ररी उतरवणारं आणि इन्स्टॉल करणारं साधन. ज्या व्हील फाइली (लायब्ररीची बांधलेली पुडकी) उतरतील त्यांच्या नावांचा शेवट बघा. 'नन हायफन एनी' असेल तर ती शुद्ध पायथन, झिपमध्ये जाईल. नावात 'विन एएमडी६४' किंवा 'मेनीलिनक्स' दिसलं तर सावध व्हा. तुमची लायब्ररी शुद्ध असूनही ती ज्यांच्यावर उभी आहे त्यांपैकी एखादी कंपाइल केलेली असू शकते, म्हणून उतरलेल्या सगळ्या फाइलींची नावं वाचा.

एखादी कंपाइल केलेली लायब्ररी टाळता येत नसेल, तर माझं मत स्पष्ट आहे: झिपचा हट्ट सोडा. सगळ्या व्हील फाइली एका फोल्डरमध्ये न्या आणि तिथे पिपला 'दोन हायफन नो हायफन इंडेक्स' आणि 'दोन हायफन फाइंड हायफन लिंक्स' देऊन त्या फोल्डरमधून इन्स्टॉल करा. परवानगीचा अर्ज करावा लागला तरी चालेल. चालू होताना स्वतःला कुठल्यातरी फोल्डरमध्ये उलगडून घेणारी झिपही बनवता येते, शिव नावाचं साधन नेमकं तेच करतं. पण मग 'एकच फाइल, कुठे काही सांडलेलं नाही' हा मूळ फायदाच जातो.

३. फोल्डर कोरा घ्या

'काटा' नावाचा नवा, रिकामा फोल्डर करा. रोज ज्यात काम करता तो नको. झिप बनवणारी कमांड फोल्डरमध्ये असेल ते सगळं उचलते: जुन्या प्रती, गिटचा (कोडचा इतिहास ठेवणाऱ्या साधनाचा) फोल्डर, चाचणीसाठी ठेवलेली पासवर्डची फाइल. झिपला कुलूप नसतं, कुणीही राइट क्लिक करून आत बघू शकतं.

आता त्यात लायब्ररी टाका: 'पिप इन्स्टॉल, दोन हायफन टार्गेट, काटा, दोन हायफन नो हायफन कंपाइल, पायसीरियल, ओपनपायएक्सएल'. 'नो कंपाइल' कशाला, ते आठव्या पायरीत येईल.

मग तुमचा कोड. मुख्य फाइल 'काटा'च्या थेट आत हवी, आतल्या कुठल्या फोल्डरमध्ये नको. बाकीचा कोड 'काटालिब' अशा एका पॅकेजमध्ये, म्हणजे मॉड्यूलच्या फोल्डरमध्ये, ठेवा आणि त्यातल्या प्रत्येक फोल्डरमध्ये इनिट फाइल असू द्या, रिकामी का असेना. साध्या फोल्डरमध्ये तिच्यावाचून भागतं. झिपमध्ये भागेलच असं नाही. झिप कुठल्या साधनाने बांधली यावरही ते ठरतं.

सावधान: नावांचे दोन सापळे आहेत. इम्पोर्ट करताना आपण 'सीरियल' म्हणतो, पण पिपला द्यायचं नाव 'पायसीरियल'. 'सीरियल' याच नावाचं पिपवर दुसरंच पॅकेज आहे, ते इन्स्टॉलही होतं आणि मग पोर्ट काही उघडत नाही. दुसरा सापळा आपणच लावतो: स्वतःच्या फाइलला सीरियल डॉट पीवाय नाव देऊन. ती खऱ्या लायब्ररीच्या आड येते.

आणि हा फोल्डर दर वेळी पुसून नव्याने बांधा. पिप टार्गेटमध्ये आधीपासून असलेल्या फोल्डरवर सहसा लिहीत नाही, नुसता इशारा देऊन पुढे जातं. तो इशारा कुणी वाचत नाही आणि जुनी आवृत्ती तशीच साइटवर जाते.

४. झिप करण्याआधी फोल्डरच चालवा

ही पायरी सगळे गाळतात, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ हीच वाचवते. पायथनला फाइलऐवजी फोल्डरचं नाव दिलं तर ते त्यातली मुख्य फाइल चालवतं, झिपच्या बाबतीत करतं अगदी तसंच. म्हणून 'काटा' ज्या फोल्डरमध्ये आहे तिथे उभे राहून टाका: 'पीवाय, हायफन कॅपिटल आय, हायफन कॅपिटल एस, काटा'.

कॅपिटल आयमुळे पायथनपाथची सेटिंग (मॉड्यूल आणखी कुठे शोधायची ते सांगणारी) आणि तुमच्या वैयक्तिक खात्यातल्या लायब्ररी बाजूला राहतात. कॅपिटल एसमुळे मशीनवर पिपने टाकलेल्या बाकीच्या लायब्ररीही दिसेनाशा होतात. म्हणजे तुमचा लॅपटॉप तेवढ्यापुरता त्या वजनकाट्यावरच्या संगणकासारखा कंगाल होतो. इथे 'मॉड्यूल नॉट फाउंड' आलं, तर ती लायब्ररी फोल्डरमध्ये आलीच नव्हती. आजवर ती तुमच्या लॅपटॉपच्या उधारीवर चालत होती.

कॅपिटल एस लावल्यावर कधी कधी वेगळीच तक्रार येते: 'एक्झिट' नाव माहीत नाही. कोडमध्ये कुणीतरी नुसतं 'एक्झिट' आणि कंस लिहिलेलं असतं. ती सोय पायथनच्या त्याच भागातून येते जो आपण आत्ता बंद केला. तिथे 'सिस डॉट एक्झिट' लिहा. तसंही तेच लिहायला हवं होतं.

फोल्डर चालेपर्यंत पाचव्या पायरीवर जाऊ नका. फोल्डर चालला आणि झिप चालली नाही, तर दोष झिपच्या बांधणीत आहे हे तरी पक्कं होतं.

५. झिप बांधा, पण फोल्डर नको, आतला माल

मुलं 'काटा' फोल्डरवर राइट क्लिक करतात आणि कॉम्प्रेस म्हणतात. तयार झालेल्या झिपमध्ये पहिल्या पातळीवर एकच गोष्ट असते: 'काटा' फोल्डर. मुख्य फाइल त्याच्या आत, एक पातळी खाली. पायथन झिपच्या तोंडाशी बघतं, तिथे काही नाही, आणि म्हणतं, 'कान्ट फाइंड मेन मॉड्यूल'. डबा दिला, पण डब्यात दुसरा बंद डबा.

हाताने करायचं असेल तर फोल्डरच्या आत जा, सगळं सिलेक्ट करा, मग कॉम्प्रेस करा. पण हाताने करूच नका. पायथनसोबत ३.५ पासून झिपॲप हे झिप बांधणारं साधन येतं. बाहेर उभे राहून टाका: 'पीवाय, हायफन एम, झिपॲप, काटा, हायफन सी, हायफन ओ, काटा डॉट पीवायझेड'. पीवायझेड म्हणजे पायथनने चालवायची झिपच.

'हायफन सी' म्हणजे कॉम्प्रेस. ही सोय ३.७ पासून आहे. ती दिली नाही तर फाइली झिपमध्ये नुसत्या रचल्या जातात, दाबल्या जात नाहीत. चालायला दोन्ही चालतं. 'हायफन ओ'च्या पुढचं नाव 'काटा' फोल्डरच्या बाहेरचं असू द्या. मुख्य फाइल नसेल तर झिपॲप तिथेच अडतं, आणि ते बरंच आहे. लिनक्सवर फाइल थेट नावाने चालवायची असेल तर 'हायफन पी' देऊन पायथनचा मार्गही लिहिता येतो. ती ओळ झिपच्या डोक्यावर बसते आणि झिप बिघडत नाही, कारण झिपची अनुक्रमणिका फाइलच्या शेवटी असते.

याच अनुक्रमणिकेमुळे पायथनला झिप चालते आणि टार-जीझेड चालत नाही. झिपमधून हवी ती एकच फाइल उचलता येते. टार-जीझेड सुरुवातीपासून उलगडत यावं लागतं, आणि पायथनमध्ये त्यासाठी इम्पोर्टची सोयच नाही. आरएआर आणि सेव्हन-झेडचंही नाव काढू नका.

सावधान: बाहेरचं साधन वापरणार असाल तर दाबण्याची पद्धत 'डिफ्लेट' किंवा 'स्टोअर' हवी. सेव्हन-झिपमध्ये झिप प्रकार निवडूनही एलझेडएमए किंवा डिफ्लेट६४ निवडता येतं. तशी झिप डबल क्लिकने छान उघडली तरी पायथन ती वाचत नाही. पासवर्ड लावलेली झिपही नाही. झिपला शेवटी टिपणी जोडलेली असेल तर ३.८ च्या आधीचं पायथन ती ओळखत नाही, आणि झिप६४ हा मोठ्या झिपचा प्रकार ३.१३ पासूनच इम्पोर्टला चालतो.

तपासा: 'पीवाय, हायफन एम, झिपफाइल, हायफन एल, काटा डॉट पीवायझेड'. यादीत मुख्य फाइलच्या नावाआधी कुठलंही फोल्डर आणि तिरकी रेघ नको. यादीत पीवायडी किंवा एसओ दिसली तर दुसऱ्या पायरीवर परत.

६. परक्या जागी चालवून बघा

काटा डॉट पीवायझेड डेस्कटॉपवर एका वेगळ्या फोल्डरमध्ये एकटी कॉपी करा. चौथ्या पायरीतलीच कमांड, फक्त शेवटी फोल्डरऐवजी ही फाइल. डबल क्लिक करून तपासू नका. चूक आली तर काळी खिडकी क्षणात मिटते आणि संदेश वाचायच्या आत गेलेला असतो.

एक्सेल नमुन्यासारखी सोबतची फाइल असेल तर प्रोग्राम बहुधा इथेच पडतो. आपण कोडमध्ये 'फाइल' या अंतर्गत नावावरून (मागेपुढे दोन-दोन अंडरस्कोरवालं) फोल्डर काढतो आणि 'ओपन' करतो. झिपमध्ये तो मार्ग 'काटा डॉट पीवायझेड, तिरकी रेघ, काटालिब, तिरकी रेघ, नमुना' असा निघतो. दिसायला बरोबर, पण डिस्कवर असा मार्गच नाही. लिनक्सवर 'नॉट अ डिरेक्टरी' येतं, विंडोजवर 'फाइल नॉट फाउंड'.

वाचायच्या फाइलींसाठी 'पीकेजीयुटिल डॉट गेट अंडरस्कोर डेटा' वापरा. पॅकेजचं नाव आणि फाइलचं नाव दिलं की ते बाइट्स देतं, झिप असो वा फोल्डर. ते 'बाइट्सआयओ'त (बाइट्सना फाइलसारखं रूप देणाऱ्या सोयीत) गुंडाळून ओपनपायएक्सएलला दिले की नमुना उघडतो. एखादी लायब्ररी खऱ्या मार्गासाठीच अडून बसली, तर 'इम्पोर्टलिब डॉट रिसोर्सेस'मधल्या 'फाइल्स' आणि 'ॲज अंडरस्कोर फाइल' या जोडीने ती फाइल तात्पुरती डिस्कवर उतरवता येते. 'फाइल्स' मात्र ३.९ पासून. पहिल्या पायरीत आवृत्ती लिहून आणायला सांगितली ती यासाठी.

लिहायच्या फाइली झिपमध्ये कधीच नाहीत. लॉग, तयार झालेली एक्सेल, सेटिंग हे सगळं बाहेर. झिप जिथे ठेवली आहे तो फोल्डर 'सिस डॉट आर्गव्ही' (चालवताना दिलेल्या नावांची यादी) हिच्या शून्य क्रमांकावरून काढा.

७. झिप फक्त लायब्ररी म्हणून जोडायची असेल तर

कधी प्रोग्राम बाहेर साध्या फाइलीत ठेवायचा असतो, म्हणजे साइटवरच्या माणसाला पोर्टचा क्रमांक बदलता येतो, आणि लायब्ररी तेवढ्या झिपमध्ये. मग 'सिस डॉट पाथ'मध्ये, म्हणजे पायथन मॉड्यूल जिथे शोधतं त्या जागांच्या यादीत, झिपचा मार्ग घालायचा. यादीच्या सुरुवातीला 'इन्सर्ट' केला तर झिपमधली आवृत्ती आधी सापडते; शेवटी 'अपेंड' केला तर मशीनवर आधीच असलेली. आपल्याला जवळजवळ नेहमी पहिलं हवं असतं. झिपच्या आतल्या फोल्डरचा मार्गही देता येतो, 'लिब डॉट झिप, तिरकी रेघ, आतला फोल्डर' असा.

इथली चूक मी स्वतः केली आहे. मार्ग नुसता 'लिब डॉट झिप' असा लिहिला होता. हाताने चालवलं की चालायचं, कारण मी त्याच फोल्डरमध्ये उभा असायचो. रात्रीच्या अहवालासाठी तोच प्रोग्राम टास्क शेड्युलरवर (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी विंडोजची सोय) लावला. शेड्युलर 'स्टार्ट इन' रिकामं असेल तर सिस्टिम३२ मध्ये उभा राहून प्रोग्राम चालवतो. तिथे कुठली आलीय झिप? आणि पायथनचा स्वभाव असा, की 'सिस डॉट पाथ'मध्ये नसलेल्या फाइलचा मार्ग असला तरी ते चकार शब्द काढत नाही, पुढे सरकतं. तीन रात्री अहवाल आला नाही आणि मी तीन दिवस ओपनपायएक्सएलला शिव्या देत होतो.

म्हणून मार्ग पूर्ण द्या, चालू प्रोग्रामच्या फाइलवरून काढलेला. आणि मार्ग जोडण्याआधी 'झिपफाइल डॉट इज अंडरस्कोर झिपफाइल'ने तपासून, नसेल तर स्वच्छ संदेश देऊन थांबा.

तपासा: इम्पोर्टनंतर त्या मॉड्यूलची 'फाइल' छापा. मार्गात मधोमध 'डॉट झिप' दिसलं पाहिजे. 'साइट हायफन पॅकेजेस' (पिप मशीनवर लायब्ररी टाकतं तो फोल्डर) दिसलं तर तुम्ही अजून लॅपटॉपचीच लायब्ररी वापरताय.

'सिस डॉट पाथ' छापल्यावर 'पायथन३१२ डॉट झिप' असं काहीतरी दिसेल आणि ती फाइल बहुधा डिस्कवर नसेलच. ती पायथनने स्वतःच्या लायब्ररीसाठी राखलेली जागा आहे. हात लावू नका.

८. सुरू व्हायला वेळ लागत असेल तरच हे वाचा

साध्या फोल्डरमध्ये पायथन पहिल्यांदा कंपाइल करून पीवायसी 'पायकॅश' नावाच्या फोल्डरमध्ये ठेवतं. झिपमध्ये ते काहीही लिहीत नाही. म्हणून आत नुसत्या पीवाय असतील तर दर वेळी नव्याने कंपाइल होतं. आणि झिपमधल्या 'पायकॅश' फोल्डरकडे पायथन बघतही नाही. पिपला 'नो कंपाइल' सांगितलं ते यामुळेच, उगाच वजन नको. पीवायसी हव्या असतील तर त्या पीवायच्या शेजारी लागतात.

त्यासाठी झिप करण्याआधी: 'पीवाय, हायफन एम, कंपाइलऑल, हायफन बी, दोन हायफन इनव्हॅलिडेशन हायफन मोड, अनचेक्ड हायफन हॅश, काटा'. 'हायफन बी' फाइल शेजारी ठेवतं. दुसरा तुकडा, जो ३.७ पासून चालतो, वेळेची भानगड मिटवतो. एरवी पायथन पीवायसीत नोंदलेली वेळ झिपमधल्या पीवायच्या वेळेशी ताडून बघतं. झिपमधली वेळ स्थानिक असते. यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालणाऱ्या सर्व्हरवर बांधलेली झिप आपल्याकडे उघडली की साडेपाच तासांचा फरक पडतो, पायथन पीवायसी बाजूला टाकतं आणि गुपचूप पुन्हा कंपाइल करत बसतं.

पीवाय काढून टाकून नुसत्या पीवायसी देण्याच्या फंदात पडू नका. पीवायसी पायथनच्या त्या-त्या आवृत्तीशी बांधलेली असते, ३.१२ वर बनवलेली ३.८ वर चालत नाही. शेजारी पीवाय असेल तर पायथन तिच्यावरून निभावून नेतं, नसेल तर तिथेच थांबतं.

९. नवी आवृत्ती टाकताना

प्रोग्राम चालू असताना झिपवर झिप कॉपी करू नका. विंडोज बहुधा अडवणारही नाही, कारण पायथन झिप उघडी धरून बसत नाही. पण झिपची अनुक्रमणिका त्याने सुरुवातीलाच वाचून ठेवलेली असते. मधल्या वेळात फाइल बदलली आणि नंतर एखादं इम्पोर्ट आलं, की ते जुन्या पत्त्यावर नवा माल शोधायला जातं. मग 'बॅड लोकल फाइल हेडर' येतं, तेही नेमकं ट्रक काट्यावर उभा असताना.

आधी प्रोग्राम बंद करा. जुन्या फाइलचं नाव बदलून तारीख लावा, पुसू नका. नवी कॉपी करा, झिपफाइलची यादी एकदा काढून पेन ड्राइव्हवरून अर्धवट तर आली नाही ना ते बघा, मग चालू करा. पहिलं वजन एक्सेलमध्ये पडलेलं डोळ्यांनी बघितल्याशिवाय गेटवर पास परत देऊ नका. पुन्हा आत यायचं तर पास परत काढावा लागतो.